तडमेपाशी अडलेली खुर्ची

मित्रांनो, माझं डावं चाक फिरताना कुरकुरतं आणि बसायचं कापड दोनदा बदललेलं आहे, तेव्हा मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. मी एक चाकांची खुर्ची. जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याजवळच्या एका वाडीत माझा मुक्काम आहे. स्वभावाने मी थोडी चढेल आहे, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म हुबळीच्या एका लहानशा कारखान्यातला. नळ्या वाकवून, जोड घट्ट करून मला बेळगावच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथली फरशी गुळगुळीत होती आणि मी एका बोटाच्या धक्क्याने पळायचे. सगळे माझं कौतुक करत. मग नव्या खुर्च्या आल्या आणि मला रामनगरच्या एका शिबिरात देऊन टाकलं. तिथून तांदळाच्या दोन पोत्यांमध्ये अंग चोरून मी एसटीने या वाडीत पोचले.

मला इथे आणलं ते फुलासाठी. फुला म्हणजे जंगलातलं प्रत्येक झाड ओळखणारी बाई. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, काढताना ती झाडावरून पडली आणि तिचे पाय कायमचे गेले. नवरा आधीच वारलेला, म्हणून ती धाकट्या दिराकडे, झिलूकडे राहत होती. तिने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिचं काही चुकलं नाही. घराला तीन पायऱ्या, पुढे चढउताराचं अंगण, त्यापुढे चिखल. असल्या ठिकाणी मी काय कपाळ पळणार? घरातलीच माणसं फुलाला उचलून न्हाणीत नेत, उचलून उन्हात बसवत. मी पडवीत उभी राहिले. माझ्यावर ओले कपडे वाळत पडले, सीटवर एका कोंबडीने अंडी घातली. मला त्याचा फार राग आला, मित्रांनो. अजूनही आठवलं की येतो.

पुढे शाळेत मयूरी नावाच्या नव्या बाई आल्या, रामनगरच्या. मुलांना झाडांची नावं शिकवावीत म्हणून पोरांनी तोडलेली पानं त्या ओंजळीतून फुलाकडे घेऊन येऊ लागल्या. फुला पान हातात घेई आणि नाव सांगे. एके दिवशी मात्र एका पानापाशी तिचं घोडं अडलं. पान उलटंसुलटं करून ती चिडली.

"बाई, नुसतं पान आनून काय कळतंय? साल बघाया पायजे. वास घ्याया पायजे. झाडाकडं न्या मला."

"फुलाक्का, जंगलात तुम्हाला कसं नेणार?" मयूरीबाई म्हणाल्या.

"मग वाट करा," फुला म्हणाली. पाय गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

त्यातून सगळं सुरू झालं. शाळेच्या मागे एक उतार होता. त्यावर मत्ती, नाणा, किंदळ, रानातली दालचिनी अशी झाडं आधीपासून उभीच होती. मधल्या मोकळ्या जागेत कुडा, करवंद, मुरुडशेंग, धायटी अशी झुडपं लावायची, प्रत्येकापुढे नावाची पाटी रोवायची आणि या सगळ्यांमधून चाकांची वाट काढायची, असं ठरलं. पंचायतीने होकार दिला. फुलाची अट एकच होती. ती म्हणाली, "मला उचलून न्यायचं न्हाई. माझ्या हातानं जाईन, न्हाईतर जाणार न्हाई."

आता माझे दिवस पालटले! वाटेचं माप घ्यायला मीच लागले. झिलू माझ्यावर भाताचं पोतं बसवी आणि मला उतारावर सोडून देई. मी आपोआप धावू लागले की वाट जास्त उतरती. मग पुन्हा खणायचं, पुन्हा भराव घालायचा. दोन वेळा मी पोत्यासकट करवंदीत जाऊन पडले. शेवटी वाट वळणावळणाने डोंगर उतरू लागली. तिच्यावर मुरूम ठोकून बसवला आणि कडेला चिरे लावले, म्हणजे चाक घसरून बाहेर जाऊ नये. घराच्या पायऱ्यांवरही उतरता भराव घातला आणि तिथून शाळेपर्यंत तसाच मुरूम ठोकला. वाट ठीक झाली आहे की नाही, हे मी सांगायचे आणि सगळे ऐकायचे. चढेलपणा तेव्हाचा आहे.

पाट्यांवरून थोडी बाचाबाची झाली. झिलूने पहिली पाटी आपल्या डोळ्यांपुढे, मत्तीच्या बुंध्यात खिळा मारून लावली.

"भावजी, खिळा काढा," फुला कडाडली. "झाडाला लागतंय. आनि मला वाचाया मान मोडून घ्यायची काय?"

मग पाट्या जमिनीत खुंटावर आल्या, बसलेल्या माणसाच्या मांडीइतक्या उंचीवर, थोड्या तिरक्या. मत्तीला कोणी ऐन म्हणतं, म्हणून दोन्ही नावं लिहिली, खाली कन्नडमध्येही. दालचिनीच्या पाटीवर मयूरीबाईंनी एक ओळ जास्त घातली: 'पान चुरगाळा, वास घ्या.'

सगळं झाल्यावर शेवटी कुंपण राहिलं. त्याच आठवड्यात फुला तापाने अंथरुणाला खिळली आणि मीही घरी बसले. कुंपण झिलूचं. सबंध पंचक्रोशीत त्याच्यासारखं कुंपण घालणारा दुसरा नाही. त्याने बांबू उभे केले आणि आत शिरायच्या जागी तडमे घातली. तुम्ही ती पाहिली नसेल तर सांगते. दोन आडवे दांडे आणि बाजूला दुबेळक्याचे, म्हणजे वर दोन फाटे फुटलेले, खांब. माणूस पाय उचलून पलीकडे जातो, गुरांना जाता येत नाही. इकडे रानाला कुंपण म्हटलं की तडमे आलीच. म्हणून आठवडाभर सगळे तिच्यावरून पाय टाकून येत-जात राहिले आणि कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

बाग उघडण्याच्या दिवशी शाळेची मुलं, पंचायतीची माणसं, वनखात्याचे साहेब सगळे जमले. फुला नवं लुगडं नेसली होती. घरापासून तिने मला स्वतःच्या हाताने ढकलत आणलं आणि तडमेपाशी आम्ही दोघी थांबलो. माझा पाय ठेवायचा पायपाट दांड्याला टेकला. 

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" झिलू पुढे झाला. "वैनी, चौघं हाईत. उचलून घेतो, एका मिनिटाचं काम."

"मी भाताचं पोतं न्हवं," फुला म्हणाली.

"तडमे काढली तर गुरं शिरतील की! दोन दिवसांत एक रोप ऱ्हानार न्हाई. ह्ये सगळं कुनी लावलं? आमीच न्हवं?"

"मला ठावं हाय. गुरं भाईर ऱ्हाऊद्यात आनि मी आत जाऊद्या. तसं काय जमतंय का बघा. तोवर बाग उघडायची न्हाई."

लोकांनी समजूत घातली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी 'फार हट्टी बाई' असंही म्हणालं आणि ते फुलाने ऐकलं. ती तशीच वळली. परत जाताना तिने मला इतक्या जोरात ढकललं की माझं डावं चाक घरापर्यंत कुरकुरत राहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. पुन्हा पडवी, पुन्हा ओले कपडे.

आठ दिवस झिलू तिच्याशी बोलला नाही. जेवताना ताट सरकवायचा आणि उठून जायचा. त्याचं दुःखही मला कळत होतं. आयुष्यभर ज्या कामासाठी नाव कमावलं, तेच काम चारचौघांत नडलं होतं.

नवव्या दिवशी उजाडताच तो पडवीत आला. कोणाला काही न सांगता मला बाहेर काढलं आणि स्वतः माझ्यावर बसला. धडधाकट पाय पायपाटावर ठेवले आणि हाताने चाकं ढकलत तडमेपर्यंत गेला. दांड्यावर गुडघे आपटले. मागे आला, पुन्हा गेला. खांब धरून अंग उचलावं म्हणून वर हात केला, तर खांबाचं टोक हाताला लागेना. तळवे सोलून निघाले.  मग उठला आणि स्वतःची तडमे त्याने कोयत्याने तोडली.

दुपारपर्यंत तिथे बांबूची ताटी उभी राहिली. तिला मांडीच्या उंचीवर एक आडणा, म्हणजे सरकता अडसर, बसल्या जागेवरून ओढता येईल असा. वर दोरीला दगड टांगलेला, म्हणजे आत गेल्यावर ताटी आपोआप मिटेल. झिलूने आधी शेजारच्या म्हादूची म्हैस आणून तिला ढुशा मारायला लावल्या. म्हैस हरली. मग तो घरी आला.

"वैनी, चला," एवढंच म्हणाला.

या वेळी साहेब नव्हते, नारळ नव्हता. मयूरीबाई तेवढ्या शाळेच्या खिडकीतून बघत होत्या. फुलाने आडणा सरकवला. मी पायपाटाने ताटी ढकलली. झिलूचा हात सवयीने माझ्या मुठीकडे आला.

"भावजी, हात माघारी घ्या," फुला हळूच म्हणाली. "हितंच थांबा."

आम्ही आत गेलो. मागे ताटी मिटली आणि झिलू बाहेर राहिला. त्या दिवशी आम्ही प्रत्येक पाटीपाशी थांबलो. फुलाने नाण्याच्या सालीवर गाल टेकला. धायटीची फुलं चोखली. एका वळणावर ती काहीच न करता बसून राहिली. मला किती आनंद झाला होता, ते शब्दांत सांगता येणार नाही.

तासाभराने बाहेर आलो तेव्हा झिलू चिऱ्यावर बसून होता.

"एवढा येळ काय बघितलंसा?" त्याने विचारलं.

"कुनी संगट न्हवतं," फुला म्हणाली. "त्येच बघितलं."

मित्रांनो, आमच्यासारख्या खुर्च्यांच्या चाकांना तेल द्या, आमच्यावर कपडे वाळत घालू नका. वाट बांधाल तेव्हा एकदा तरी बसून तिच्यावरून जाऊन बघा. आणि कोणाची खुर्ची ढकलायला हात पुढे कराल, तर आधी विचारा. नको म्हटलं, तर हात माघारी घ्या आणि ताटीबाहेर थांबा.