चारी बाजूंची ताडपत्री

रोझलीनने कोयता उचलला आणि गोठ्याच्या ताडपत्रीची दोरी तोडली. निळी ताडपत्री धाडकन खाली आली.

"डोकं फिरलं का तुजं?" तिचा थोरला दीर फर्डिनंड हातात तेलाची वाटी आणि बांबूचं नळकांडं घेऊन उभा होता. "पारडी खोकते न् तू वारा आत घेते?"

"जरा आत उभं रावून बघा, दादा. डोळे झोंबतात."

महिन्याची पारडी कोपऱ्यात बसली होती. नाक वाहत होतं, कान पडले होते, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. सकाळपासून तिने आचळाला तोंड लावलं नव्हतं. काळी म्हैस म्हातारी झालेली, हे तिचं शेवटचं वेत. ही पारडी गेली की राजोडीतला हा गोठा रिकामा झाला म्हणून समजा.

ताडपत्री दिली होती शेजारच्या रिसॉर्टवाल्या परेशने. रोजचं दूध तो याच गोठ्यातून नेई, पण त्याच्या पाहुण्यांना शेणाचा वास सोसवेना. फर्डिनंड भिडस्त माणूस, त्याने ती चारी बाजूंनी आवळून बांधली, वर डासांसाठी शेणीचा धूर केला. मुताचा दर्प आणि धूर आत कोंडला आणि ते कोवळं जनावर त्यातच श्वास घेत राहिलं.

तेल पाजायला फर्डिनंडने पारडीची मान वर धरली. रोझलीनने नळकांडं हिसकावून घेतलं.

"मागल्या पारडूला असंच पाजलं. तेल छातीत गेलं न् गेलं बिचारं. हिला पाजायचं नाय."

दुपारी गुरांच्या डॉक्टर विनिता स्कूटरवरून आल्या. त्यांनी ताप पाहिला, छाती तपासली.

"न्युमोनिया आहे. इंजेक्शनं सगळी पूर्ण करायची, बरी वाटली म्हणून मध्येच थांबवायची नाहीत. हवा खेळती ठेवा, खाली कोरडा पेंढा टाका, धूर बंद. जन्मल्यावर लगेच चीक पाजला होता ना? रोगाशी झगडायची ताकद त्यातूनच येते."

म्हैस व्यायली तेव्हा रोझलीन लेकीकडे माणिकपूरला होती. तिने दिराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"परेश बोलला, पाव्हन्यांना खरवस पायजे. सगळा चीक तिकडं दिला."

रोझलीनचं मस्तक फिरलं. "हिच्या तोंडचं काढून त्यांना दिलं. न् हिचा वास मातर त्यांना नको."

तिने पारडीच्या पाठीवर गोणपाट टाकलं. थेट अंगावर वारा येऊ नये म्हणून समुद्राच्या अंगाला कमरेइतकी ताडपत्री बांधली. रिसॉर्टची बाजू सताड उघडी ठेवली.

संध्याकाळी परेश कुंपणाशी आला. "आंटी, गेस्ट कम्प्लेंट करतायत. ताडपत्री लावा ना परत."

"नाय लावनार. गोठा माज्या सासऱ्याचा, तुजं रिसॉर्ट कालचं. उरलेली ताडपत्री ने न् तुज्या खिडक्यांना बांध."

बोलली खरी, पण पारडीचा श्वास अजून घरघरत होता. फर्डिनंड ओला पेंढा काढून कोरडा टाकत राहिला.

इंजेक्शनं संपल्यावर एके सकाळी परेश पुन्हा कुंपणाशी हजर. "आंटी, आता हा आवाज! पहाटेपासून ओरडतेय ती. कोणी झोपलं नाही."

रोझलीन उत्तर देणार, तेवढ्यात तिच्याआधी फर्डिनंडच पुढे झाला. परेशला त्याने आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"भूक लागली तिला," तो म्हणाला. "न् तुज्या पाव्हन्यांना सांग, आज दूध उशिरा येल. आधी हिचं पोट भरू दे."

त्याने पारडीचं दावं सोडलं.