शांब्रुसची बस

लेओनारमामा प्रांताच्या कचेरीतल्या सभेच्या खोलीत शिरला, तेव्हा मी पडद्यावर नकाशा लावत होते. हा माझ्या आईचा धाकटा भाऊ आणि शांब्रुसचा मेयर. दीडशे माणसांच्या गावाची मेयरकी म्हणजे गाईंची धार काढून उरलेल्या वेळात करायचं काम, पण आज त्याने छातीवर तिरंगी पट्टा बांधला होता, मेयर म्हणून गावातली लग्नं लावताना बांधतो तसा. मला पाहून तो खुलला. मी मान खाली घातली.

कारण बोर्दोच्या या कचेरीत कुणाच्या लेखी मी आमच्या लिमुझँ प्रांताची नव्हतेच. आमचा प्रांत मोडून या मोठ्या प्रांतात घातला, तशी माझी इकडे बदली झाली. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, तिकडे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईच हुशार. सगळे हसले, मीही हसले. तू कुठली विचारल्यावर प्वातिए शहराची म्हणून ठोकून दिलं. दोन वर्षं ते निभावलं.

आज शांब्रुसची बस बंद करायची की नाही, ते ठरायचं होतं. नकाशावर पुढचा थांबा तीन किलोमीटरवर दिसत होता. मामाचं म्हणणं, मधे दरी आहे, पूल नाही, वळसा घालून अकरा किलोमीटर पडतात. गावातल्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात जायचं कसं? अध्यक्षीणबाई मादाम ब्रेसोल काही वाईट नव्हत्या.

"असं प्रत्येकच मेयर म्हणतो हो," त्या म्हणाल्या. "इथं कुणी पाहिलीय का ही दरी?"

त्या दरीला वळसा घालून, याच बसने, मी सात वर्षं शाळेत गेले होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. पण मग दोन वर्षांचं खोटं सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी गप्पच राहिले.

मामा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं असावं. तो बाईंकडे वळला.

"नाही मादाम. इथं आमच्याकडचं कुणी नाही."

हात वर झाले, बस बंद झाली. जाताना मामाने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, माझ्याशीही. दोन्ही गालांचे मुके घेतल्याशिवाय त्याने आजवर मला कधी निरोप दिला नव्हता.

इतिवृत्त लिहायचं काम माझं. 'त्या जागेची प्रत्यक्ष माहिती असलेलं कोणीही उपस्थित नव्हतं,' असं मी लिहिलं आणि खाली सही केली.