अरिनोलाच्या वाटणीचे लाल तेल

मी एक जुने मडके आहे, मित्रांनो. खरे म्हणजे आता माझा नुसता तळच उरला आहे.

आमच्या इजेबू मुलखाच्या लाल मातीतून एका कुंभारणीने मला घडवले आणि गवताच्या जाळात भाजले. तेव्हापासून माझ्या पोटात एकच गोष्ट राहिली, पामच्या फळांचे तेल. बायका फळे शिजवत, उखळात कुटत, पाण्यात कोळत. वर आलेला केशरी फेस आटवला की लालभडक तेल उतरे. त्या लालीत डोळ्यांचे अन्न असते, गाजरात असते तेच.

घरातल्या आजीचा माझ्यावर फार जीव. चवळीच्या उसळीत पळीभर, पालेभाजीत पळीभर. उकडलेल्या कोनफळावर तर कच्चेच तेल आणि मीठ. नात अरिनोला पुढ्यात बसली की आजी गुणगुणे,

"लाल तेलाची बारीक धार,
नातीच्या डोळ्यांत दिवे चार."

मागच्या वर्षी आजी गेली. गुणगुणणेही गेले.

अरिनोलाची आई रस्त्याकडेला भात आणि हिरव्या मिरच्यांचे कालवण विकते. त्यासाठी झाकण घट्ट लावून तेल इतके तापवतात की लाली जळून ते फिकट होते. त्याशिवाय ती चव येत नाही, हे मलाही मान्य. ट्रकवाले म्हणत, "अरिनोलाच्या आई, अजून एक पळी वाढा, नाहीतर आज गाडी इथून हलत नाही!"

"गाडी राहू द्या हो, तुमचं पोट तरी हलू द्या!" ती हसून म्हणे.

पण कामाच्या घाईत ती माझ्यातले सगळेच तेल एकदम जाळू लागली. घरच्या उसळीतही तेच फिकट तेल. अरिनोलाने कच्चे मागितले तर म्हणे, "नको गं बाई! शाळेच्या झग्यावरचा परवाचा डाग अजून गेला नाही."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण जीभ नाही. दर बाजाराला मी लाल भरत होते आणि लाल रिकामे होत होते. माझ्यासमोर अरिनोला तिन्हीसांजेला ठेचकाळू लागली. आई म्हणे, "डोळे काय दप्तरात विसरलीस?"

एका संध्याकाळी रोलिके मावशी आली. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. आमच्याकडे मोठे माणूस आले की मुली गुडघे टेकून नमस्कार करतात. अरिनोला लगबगीने आली, गुडघे टेकले आणि म्हणाली, "मावशी, नमस्कार."

तिच्यासमोर खांब होता. मावशी दुसरीकडे उभी होती.

"अगं, खांब काय आशीर्वाद देणार तुला?" आई खदखदून हसली. पोर ओशाळली, झटकन उठून वळली, आणि तिचा पाय मला लागला.

मी फुटले. ताजे लाल तेल अंगणभर पसरले. आईचा हात वर गेला. पण अरिनोला रडत रडत माझे तुकडे शोधत होती, दोन्ही हातांनी चाचपडत. मोठा तुकडा तर तिच्या गुडघ्याशीच होता.

मावशीने आईचा हात धरला. "थांब. हिला दिसत नाहीये. शेवटचं लाल तेल कधी दिलंस हिला?"

आई मग मटकन तेलातच बसली.

"उद्या केंद्रात घेऊन ये, औषध देते. कालवणाचं तेल खुशाल जाळ, पण हिच्या वाटणीचं आधी बाजूला काढ."

आता माझ्या तळात रोज अरिनोलापुरते लाल तेल असते. आई स्वतः कोनफळ बुडवून भरवते. झग्यावर डाग पडतात, त्याला कोणी काही म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जे काही जाळता, गाळता, फेकता, त्याआधी त्यात कोणाची वाटणी आहे ते पाहा. आमच्यासारख्या मुक्या भांड्यांना ते सांगता येत नाही.

आज तिन्हीसांजेला मावशी पुन्हा येणार आहे. अरिनोला गुडघे टेकायला पुढे येईल. मी खांबाच्या पायाशी आहे. तिने माझ्याकडे तोंड करू नये, एवढेच मागते आहे.