दोन आथा, दोन तथा

भाईदास आबांचा उसाचा अंदाज म्हणजे अंदाज! बांधावर उभं राहायचं, डोळे बारीक करून फडावरून एकदा नजर फिरवायची आणि सांगायचं, "एकरी चाळीस टन. दोन आथा, दोन तथा." म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात तेच त्यांचं काम, आणि तिथे सगळे त्यांना दोन-दोन आबाच म्हणत. त्यांची लेक चेतना त्याच खात्यात कॉम्प्युटरवर बसायची, आणि बापाच्या या नावाचा तिला कोण अभिमान!

यंदा साहेबांनी फर्मान काढलं: सगळ्यांचे अंदाज आणि काट्यावरची वजनं समोरासमोर मांडा. ज्याची चूक पाच टनांच्या वर, त्याच्याकडे अंदाजासाठी दिलेला गावांचा गट काढून घ्यायचा.

चेतनाने एक्सेल उघडलं. त्यात एसटीईवायएक्स नावाचं सूत्र आहे. दोन रकाने द्या. ते अंदाजावरून वजनाची रेघ काढतं आणि खरी वजनं त्या रेघेपासून साधारण किती लांब पडली, ते एका आकड्यात सांगतं. तिने हौसेने आधी आबांचेच जुने हंगाम घातले. दोन पॉइंट एक. एक पॉइंट नऊ. दोन. ती एकटीच हसली. म्हातारा जन्मभर जे तोंडाने सांगत आला, तेच मशीनही सांगत होतं!

मग यंदाचा हंगाम घातला. सात पॉइंट चार.

"हट!" ती म्हणाली. रकाने उलटे पडले असणार. या सूत्रात वजन आधी, अंदाज मागून. घाईत होतं तसं. पाहिलं, तर सुलटच होते. मग एकेक फड तपासला. चाळीसचे एकतीस भरलेले, पस्तीसचे बेचाळीस. तिला आबांचे डोळे आठवले. डोळे बारीक करायची आबांची सवयच. पण ते डोळे नीट दिसत नाही म्हणून कधी बारीक व्हायला लागले, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्याही नाही, आणि याची तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. ती शेजारी टेकली आणि यंदा काय आकडा आला ते सांगितलं.

"आबा, तुम्हना आकडा सात उना."

"काटा बिघडना व्हई."

"काटा बराबर शे."

आबांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "पोयाना सणपासून समदं धुकंच दिखस. सांगीसन काय करू? गट जाई."

आकडा बदलायला एक बोट पुरलं असतं. दुपारभर तिच्या मनात तेच होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"नको, माय," आबा म्हणाले. "मांगला आकडा वाच."

तिने मागच्या हंगामांचे आकडे वाचले. दोन पॉइंट एक, एक पॉइंट नऊ, दोन. आबांनी समाधानाने मान हलवली आणि तिच्याकडे वळून डोळे बारीक केले.

"तू हसी ऱ्हायनी का रडी ऱ्हायनी?" त्यांनी विचारलं. "माले दिखस नही."