कटर मास्तरांचा रविवार

संध्याकाळ झाली की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: आज जेवायला काय? ज्या घरात या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक बाई ठरलेली असते, तिथे तो बाकीच्यांना ऐकूही येत नाही. ताट समोर येतं, पोट भरतं, हात धुतले जातात. मास्तरांच्या घरीही वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. तयार कपड्यांच्या कारखान्यात ते कटर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि यंत्र फिरवून सगळे थर एका दमात कापून काढायचे, हे त्यांचं काम. कापड वाया गेलं की त्यांचा जीव वरखाली होई. दोन बाह्यांच्या मधल्या जागेत ते कॉलर बसवत आणि कॉलरशेजारी उरलेल्या कोपऱ्यात खिसा. मालक हसून म्हणत, "मास्तरांच्या टेबलाखाली झाडायला काही उरतच नाही." मास्तरांना ही थट्टा फार आवडे आणि ती ते घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगत.

घरात माणसं चार. मास्तर, त्यांची बायको, शाळेत जाणारी लेक आणि मास्तरांची आई. आईचे हात संधिवाताने आखडले होते. भरलेलं पातेलं तिला उचलवत नसे. बायको आजवर घरबसल्या शर्टांना बटणं लावून चार पैसे मिळवायची आणि घर सांभाळायची. या वर्षी तिने हिंमत करून हॉस्पिटलमधल्या रुग्णसेविकेच्या वर्गात नाव घातलं. वर्ष पुरं झालं की वॉर्डात पक्की नोकरी मिळणार होती. मास्तरांनी कारखान्यात पेढे वाटावेत अशा ऐटीत सगळ्यांना चहा पाजला होता.

वर्ग दुपारी भरायचा आणि ती घरी यायची ती दिवे लागल्यावर, पार थकून. तेव्हा कुठे तो संध्याकाळचा प्रश्न मास्तरांना पहिल्यांदा ऐकू आला. त्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. कारखान्यातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून कधी तळलेलं, कधी पाकिटातलं, कधी डब्यातलं काहीतरी उचलून आणायचं. पहिले काही दिवस लेकीची चंगळ झाली. मग महिना सरायच्या आत खिसा रिकामा व्हायला लागला. लेकीचं पोट सारखं दुखू लागलं, शाळा बुडू लागली. आईचे पाय सुजले. डॉक्टरांनी तिचे पाय दाबून पाहिले आणि मास्तरांकडे बघून विचारलं, "यांना रोज इतकं खारट कोण खायला घालतंय?"

त्या संध्याकाळी बायको पर्स खुंटीला अडकवून तशीच उभी राहिली.

"मी वर्ग सोडते," ती म्हणाली. "उद्या शनिवार आहे. उद्याच वर्गाच्या बाईंना सांगून टाकते. यांची अशी आबाळ करून मी दुसऱ्यांच्या आजाऱ्यांची काय सेवा करणार?"

मास्तरांनी तिला अडवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं होतं. चला, सुटलो एकदाचे, आता ताट पुन्हा आपोआप समोर येईल, असंच त्यांच्या मनात आलं.

बायको आत गेली तशी आई हळू आवाजात म्हणाली, "बरं वाटलं ना रे तुला?"

"मला कशाला बरं वाटेल?"

"आई आहे मी तुझी. ती सोडते म्हणाली आणि तुझे खांदे खाली आले. बघितलं मी."

मास्तरांचा चेहरा पडला. आईने सुनेला हाक मारली. "अगं, पंधरा दिवस थांब. बाईंना इतक्यात काही बोलू नकोस. तोवर हा करेल काहीतरी."

"हा म्हणजे?" मास्तर दचकले.

"हा म्हणजे तू. अजून कोण आहे इथे हा?"

लेक खुदकन हसली. मास्तरांच्या अंगात मात्र स्वाभिमान संचारला. "बरं, करतो की. रविवारी बसून सबंध आठवड्याचं एकदम करून टाकतो. त्यात काय एवढं? आम्ही एका दमात गठ्ठेच्या गठ्ठे कापतो."

आणि झालंही तसंच. रविवारी सकाळी मास्तरांनी शेजारच्यांकडून हंड्याएवढं पातेलं आणलं. त्यात हरभरे, डाळ, भोपळा, बटाटे, कोबी, गाजर, जे हाताला लागलं ते थरावर थर रचून शिजवलं. घरातले होते नव्हते तेवढे डबे भरले आणि प्रत्येकाच्या झाकणावर कारखान्यातल्या खडूने वार लिहिला. डबे अजून वाफाळत होते तेव्हाच ते त्यांनी छोट्याशा फ्रिजमध्ये एकाला एक चिकटवून ठासून भरले. कॉलरशेजारी खिसा बसवणाऱ्या माणसाला फ्रिज भरणं ते काय अवघड! सोमवारी सगळ्यांनी कौतुक केलं. मंगळवारी नुसतंच खाल्लं. बुधवारी लेकीने डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावलं.

"बाबा, हा कालचाच डबा ना?"

"काल मंगळवारचा संपवला. हा बुधवारचा आहे. झाकण वाच."

"झाकण बुधवारचं आहे हो. आतलं सगळं सोमवारचंच आहे."

गुरुवारी तर बोलायचं कामच उरलं नाही. झाकण निघालं आणि आंबूस वास घरभर पसरला. उरलेले डबेही तसेच निघाले. ज्या माणसाने कधी टीचभर कापड वाया जाऊ दिलं नव्हतं, त्याने आपल्या हाताने अन्न कचऱ्याच्या डब्यात ओतलं. ओतताना मास्तरांचे डोळे भरून आले. मग ते मुकाट्याने चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि पाकिटं घेऊन आले.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. मास्तर तिच्यासमोर पाय पसरून बसले.

"संपलं. करून बघितलं मी. काही कामं बाईमाणसाच्याच हाताला जमतात. सोडू दे तिला वर्ग."

आई रागावली नाही. तिने विचारलं, "कारखान्यात एक अख्खा शर्ट तू एकटा करतोस का रे?"

"एकटा कसा करेन? मी कापतो. बाह्या जोडणारा वेगळा. काजं करणारी वेगळी. बटणं लावायला कुणी, इस्त्रीला कुणी."

"आणि सगळं तुलाच एकट्याला करायला लावलं तर?"

"मग कारखान्याला टाळंच लागेल."

"मग घर कसं चालेल, सांग बरं," आई म्हणाली. "मी चालवलं इतकी वर्षं. कापायचं मीच, शिवायचं मीच, इस्त्रीही माझीच, आणि कुठे टाका चुकला तर बोलणीही मीच खायची. माझ्या हाताला जमत होतं म्हणून नव्हे. दुसरा हात पुढे आला नाही म्हणून. माझ्यानंतर ते सगळं हिच्या गळ्यात पडलं. आता ती सोडेल, आणि उद्या तुझ्या लेकीच्या गळ्यात पडेल. तुला चालेल का ते?"

लेक दारात उभी राहून ऐकत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पसरलेले पाय जवळ घेतले.

आईच पुढे म्हणाली, "कापणं तर तुला येतंच. रविवारी शर्ट शिवत बसू नकोस. नुसता कापून ठेव. रोजचा रोज आम्ही सगळे मिळून शिवू."

किती साधी गोष्ट! रोज टेबलाशी उभे राहून मास्तर नेमकं हेच करत होते, आणि घराचा उंबरठा ओलांडला की ते विसरत होते.

पुढच्या रविवारी घराचा नूरच पालटला. आईने मास्तरांना बाजार उठायच्या वेळी पिशव्या देऊन पाठवलं, कारण तेव्हा भाजीवाले उरलेला माल स्वस्तात देतात. काय आणायचं हे तिने बजावून सांगितलं होतं: ज्याचा मोसम आहे तेच घे, आणि जे दोन-तीन तऱ्हांनी खाता येईल ते आधी घे. पाकिटांना लागायचे त्याच्या निम्म्या पैशांत दोन पिशव्या भरल्या. मास्तरांनी दोनदा हिशेब केला, त्यांना वाटलं भाजीवाला चुकला.

घरी आल्यावर मास्तरांनी टेबल मोकळं केलं आणि प्रत्येकाला काम नेमून दिलं. आईने डाळ आणि हरभरे निवडले. निवडायला तिची बोटं अजून तयार होती. लेकीने पालक धुऊन कोरडा केला आणि कारखान्यातल्या स्वच्छ सुती तुकड्यांत गुंडाळून ठेवला. बायकोला त्या दिवशी सुट्टी होती. तिला मास्तरांनी पुस्तक देऊन दुसऱ्या खोलीत बसवलं. ती दोनदा डोकावली, दोन्ही वेळा आईने तिला पिटाळलं. मास्तरांनी कोबी चिरला, भोपळ्याच्या फोडी केल्या, कांदा, टोमॅटो आणि लसूण मंद आचेवर परतून घट्टसर मसाला करून ठेवला. हरभरे शिजवून पूर्ण निवू दिले. निम्मे खाली ठेवले, निम्मे बर्फाच्या कप्प्यात. या खेपेला फ्रिजमध्ये डब्यांच्या मधे हात जाईल एवढी जागा राखली. मसाला पुरेल तेवढाच केला. बुधवारी पुन्हा थोडी चिराचिरी करायची असं ठरलं.

मग रोज संध्याकाळी मास्तर कारखान्यातून येत, हातपाय धुऊन भात टाकत. लेक मसाल्यात सोमवारी हरभरे घाली, मंगळवारी भोपळा. बुधवारी पालकात अंडी सोडली. गुरुवारी डाळीत गाजर. आई खुर्चीतून चव घेऊन मीठ सांगे, आणि आता ते बेतानेच सांगे. भात शिजेपर्यंत बाकी सगळं तयार झालेलं असे. लेकीचं पोट दुखायचं थांबलं. आईच्या पायांची सूज उतरली आणि तिला तिच्या जुन्या वहाणा पुन्हा होऊ लागल्या, याचं तिला लहान मुलीसारखं अप्रूप वाटलं.

शुक्रवारी बायको घरी आली. दुसऱ्या दिवशी पंधरा दिवसांची मुदत संपणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. रोजच्यासारखं सगळ्यांना वाढायला ती सवयीने पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळली.

"बसा तुम्ही," मास्तर म्हणाले. बायकोला ते कधी अहो-जाहो करत नसत. तोंडातून निघून गेलं. लेकीने तिच्यासमोर ताट ठेवलं. मास्तरांनी गरम भात वाढला, वर भोपळ्याचा रस्सा, बाजूला पालक. बायको ताटाकडे बघत राहिली.

"जेव की, गार होईल," आई म्हणाली.

पहिला घास घेतला आणि तिला रडू आवरेना. "खारट झालंय का?" मास्तर घाबरून म्हणाले. तिने मान हलवली. "नाही हो. या घरात आल्यापासून मी बसलेय आणि मला कुणी वाढलंय, असं आज पहिल्यांदा झालं."

आई सहजच म्हणाली, "तुझं नशीब चांगलं बाई. मला तर माझं मीच वाढून घ्यायची सवय."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण मास्तरांच्या काळजात चर्र झालं. लहानपणापासून आजपर्यंत या बाईच्या हातचं किती खाल्लं! आजारपणातली पातळ डाळ, शाळेतल्या डब्यातला भात, कारखान्यात लागल्यावर पहाटे उठून करून दिलेली भाजी. एकदाही, चांगलं झालंय, एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्यांनी दुसरं ताट घेतलं, भात वाढला, आईला चावायला सोपा जावा म्हणून जरा मऊ केला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"आई, तुझ्या हातचं फार चांगलं असायचं ग," ते म्हणाले. "सांगायचं राहून गेलं."

आईने आखडलेल्या बोटांनी घास उचलला. "राहून गेलं नाही. सांगितलंस की आत्ता." मग तिने सुनेकडे पाहिलं. "आणि तू उद्या बाईंना काय सांगणार आहेस?"

बायकोने डोळे पुसले. "सांगणार आहे की माझं नाव राहू द्या. माझ्या घरी चारजण स्वयंपाक करतात."

वर्ष पुरं करून ती आज हॉस्पिटलच्या वॉर्डात नोकरीला आहे. दुखणाइतांना उठवून बसवते, भरवते, त्यांच्या घरच्यांना काय खायला घाला ते समजावून सांगते. दर महिन्याला तिचा पगार हातात आला की ती तो आधी सासूच्या हातात ठेवते, आणि सासू तो न मोजता परत देते.

वाचकहो, स्वस्तात आणि सकस जेवायला मोठा पगार लागत नाही की पाकशास्त्राचं ज्ञान लागत नाही. रविवारचे थोडे तास लागतात, बाजारात जरा डोळसपणा लागतो आणि घरातल्या प्रत्येकाचे हात लागतात. जो जेवतो त्याने थोडं चिरावं, थोडं निवडावं, थोडं वाढावं. आणि तुमच्या घरात जी बाई आजवर एकटीने हे सगळं करत आली, ती अजून असेल तर आज तिला बसवा, तिच्यापुढे ताट ठेवा आणि तिच्या हातचं चांगलं असतं हे तिला सांगा. ऐकायला ती आहे तोवर सांगा.