गंध लावलेला अलार्म

आईला बाथरूममधून ओढून बाहेर काढेपर्यंत कविता नुसती घाबरलेली होती. तिला राग आला तो अप्पा स्टुलावर चढले तेव्हा.

मधल्या खोलीत चटईवर आई, विजयलक्ष्मी, आडव्या पडलेल्या, केसांतून पाणी गळतंय, नात कीर्ति त्यांचे तळवे चोळतेय. आणि अप्पा, म्हणजे सुंदरेशराव, सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाचे रोगी, बाथरूमच्या दाराबाहेर भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या डब्याचं बटण दाबतायत. डबा पीं पीं करून वाजला.

"बघ, वाजतो अहे," ते वरूनच म्हणाले. "गॅस बीस काही नाही. उपास धरते, चक्कर आली."

तो डबा म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता. हवा खेळती नसली की अशा गीझरमधून एक विषारी वायू साठतो, त्याला रंग नाही की वास नाही. तो साठला की ओरडायचं, एवढंच त्या डब्याचं काम. कविताचा मोठा भाऊ बालाजी कॅनडात नोकरीला लागला आणि पहिल्याच सुट्टीत तो हा डबा घेऊन आला. तेव्हा कीर्ति जन्मलीही नव्हती, आता ती आठवीत होती. तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या त्या मराठी घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कॉफीबरोबर अलार्मही मिळायचा. अप्पा बटण दाबायचे, तो वाजायचा, पाहुणे माना डोलवायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरी गॅसचा गीझर आहे का?" अप्पा ताबडतोब म्हणाले, "अहे. पण अलार्म पण अहे, पोराने आणलेला." मग डॉक्टरांनीही उपासाचं कारण मान्य केलं आणि नारळपाणी प्यायला सांगितलं. कविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर तिने डबा भिंतीवरून उतरवला. दरवर्षी नवरात्रात आयुधपूजेला घरातली सगळी कामाची चीजवस्तू पुसून देवापुढे मांडायची आणि प्रत्येकीला गंध-कुंकू लावायचं, ही पद्धत तिथे कुणी चुकवत नाही. कोयता, कात्री, शिवणयंत्र, मिक्सर, कविताची स्कूटर, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बालाजीचा अलार्म. अप्पा कामाला चोख. त्यांनी गंध पुढे लावलं, मागे लावलं, वर्षावर वर्षं थर चढवले. पुढच्या जाळीची निम्मी भोकं चंदनाने बुजली होती. मागच्या बाजूला कविताने अंगठा ओला करून घासलं, तेव्हा चंदनाखालून एक ओळ निघाली: या वर्षानंतर बदला, २०१९.

तिने रात्रीचं जेवण होईपर्यंत फोनवर वाचून काढलं. डब्यातला वायू ओळखणारा भाग वापरा न वापरा, आपोआप म्हातारा होतो. कुठला सात वर्षं टिकतो, कुठला दहा. बदलायचं वर्ष मागे छापलेलं असतं, ते उलटलं की डबा टाकायचा. बटण दाबल्यावर वाजतो तो भोंगा. भोंगा आणि बॅटरी ठीक आहेत, इतकंच त्यावरून कळतं. वायू कळतोय की नाही, ते बटणाला ठाऊक नाही.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाच्या तबकातून अडकित्ता उचलला. "हा माझ्या आज्याचा. अजून सुपारी कातरतो. मान ठेवून वापरलं की वस्तू टिकते, कविता. कंपनीवाले असंच लिहितात, चुम्मा, उगाच, नवं खपावं म्हणून."

"अडकित्त्याला नाक नाही, अप्पा. ह्याचं नाक मेलंय."

"बालाजीने आणलेला अहे तो," अप्पा म्हणाले. त्यांच्या मते तिथे विषय संपला.

कविताने गीझरचा सिलिंडर बंद केला, अप्पांनी चालू केला. डास येऊ नयेत म्हणून बाथरूमच्या झरोक्यावर ठोकलेलं प्लास्टिक तिने फाडलं, अप्पांनी दुसरं ठोकलं. पालथ्या घड्यावर पाणी. नवरा होसूरला नोकरीला, तिची बँक इथे, म्हणून ती लेकीला घेऊन आईबापांपाशी राहत होती. आईच्या गोळ्या, अप्पांचे डोळे, मोटरची दुरुस्ती, अस्कं सगळं तिच्या डोक्यावर. पण तिच्या शब्दाला या घरात किंमत नव्हती आणि समुद्रापलीकडून आलेल्या प्लास्टिकच्या डब्याला होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते खोटं नाही.

रविवारी बालाजीचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखं त्याने विचारलं, "अलार्म बरा आहे ना?" अप्पांनी बटण दाबलं, पीं पीं, तो म्हणाला, "छान." कविताने फोन ओढून घेतला आणि वर्ष सांगितलं.

"वाजतोय ना?" बालाजी म्हणाला. "मग अप्पांचं मन कशाला मोडतेस?"

तिने त्याच दिवशी नवा अलार्म मागवला. तो आला नेमका आयुधपूजेच्या सकाळी. अप्पांनी खोका तिच्या हातातून घेतला. "नवी वस्तू. आधी पूजा, मग वापर. उद्या विजयादशमी जाली की लाव." पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा नियम तिलाही पाठ होता. आईने डोळ्यांनीच विनवलं. कविता गप्प बसली आणि दिवसभर स्वतःवर चरफडत राहिली. देवापुढे जुना आणि नवा शेजारी शेजारी, दोघांच्या कपाळी ओलं कुंकू.

दशमीच्या सकाळी पाऊस होता. पूजेआधी सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या होत्या. कीर्ति टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमकडे निघाली, आणि ते पाहून कविताचा संयम सुटला. तिने देवघरात जाऊन दोन्ही डबे उचलले, नव्यावरचं कुंकू पदराने पुसलं, खिळा ठोकला आणि जुन्याशेजारी नवा टांगला.

अप्पांचा चेहरा लाल झाला. "पूजेतली वस्तू उचललीस. ह्या घरात आजवर कुणी उचलली नाही."

"आईला आत पडू दिलंत, ते चाललं," कविता म्हणाली. "माझ्या लेकीला मी पडू देणार नाही."

"कीर्ति, सर. आधी मी जातो. बघू तुझ्या आईचा डबा काय करतो." त्यांनी कडी लावून घेतली. आत गीझर भप्पकन पेटला.

आई स्वयंपाकघरात मोदक वळायला बसली होती. कविता दारापाशीच उभी राहिली, भांडण अजून तोंडात घोळवत. पाणी पडत होतं, अप्पा स्तोत्र म्हणत होते. मग स्तोत्र थांबलं. पाणी पडतच राहिलं.

नवा अलार्म किंचाळला. बटणाची ती लाडिक पीं पीं नव्हती ती, कान फाटतील असा आवाज होता. कीर्ति सिलिंडर बंद करायला मागच्या दारी धावली. कविताने हाका मारल्या, मग लाथा घातल्या, तिसऱ्या की चौथ्या लाथेला कडी निघाली. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडे होते, पण कडीपर्यंत हात उचलत नव्हता. मायलेकींनी त्यांना काखेत धरून अंगणात पावसात आणलं. आवाजाने धावत आलेल्या विजयलक्ष्मी मात्र बाथरूमच्या दाराशीच उभ्या होत्या, भिंतीकडे बघत. नवा ओरडून ओरडून थकत नव्हता. जुना त्याच्या शेजारी, कुंकू लावून, चिडीचूप.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी अप्पा बोलू लागले. बालाजीचा कॉल आला. अप्पांनी मास्क बाजूला केला. "बालाजी, अलार्म वाजला म्हणून वाचलो, रे. तू आणलास म्हणून."

पडद्यावर बालाजीचे डोळे भरून आले. "मी दर रविवारी उगाच विचारत होतो का?"

कविता उठून खिडकीपाशी गेली. बोलली असती तर दवाखाना गोळा झाला असता.

विजयलक्ष्मींनी आयुष्यात नवऱ्याचं बोलणं चारचौघांत खोडलं नव्हतं. त्यांनी पिशवीत हात घातला, जुना डबा काढला, फोनसमोर धरला आणि बटण दाबलं. पीं पीं.

"हा तुझा," त्या लेकाला म्हणाल्या. "सकाळी माझ्या डोळ्यांपुढे होता. तुझा बाप आत मरत होता आणि हा गप्प होता. ओरडला तो कविताने आणलेला. मी पडले तेव्हाही हा असाच गप्प होता. तिने तुला सांगितलं होतं की नाही?"

अप्पांनी हात पुढे केला, डबा घेतला, उलटा केला. चष्मा नव्हता, तरी घासून काढलेल्या जागेवरून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं.

"कविता," ते म्हणाले, "नव्याच्या मागे कुठलं वर्ष अहे?"

"घरी चला आणि स्वतः वाचा," ती खिडकीपासूनच म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता. "आणि त्याला गंध लावायचं नाही."