नाव आणि पुढे एक-दोन-तीन

"ताई, हा आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतोय," भूषणने फोन काउंटरवर आडवा ठेवला. "तो नसेल तर ह्याला टीव्हीशेजारी मांडून ठेवा. शोभेला."

जळगावच्या बसस्टँडमागचा त्याचा गाळा एवढासा, आणि त्यात रविवार. कुणाची काच बदलायची होती, कुणाचा चार्जर धरत नव्हता. सगळे काउंटरला रेलून उभे होते आणि सगळ्यांना दुसऱ्याच्या फोनचं काय झालं ते आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

"चोरीचा असेल," टोपीवाला एक जण म्हणाला. "चोरीच्याच फोनला असं होतं."

"मी हेच सांगत होतो," राजदीप म्हणाला. बायकोला बोललेलं चारजणांत खरं ठरलं की नवऱ्याच्या आवाजाला आपोआप धार येते, तशी त्याच्याही आली. "दवाखान्यात भेटलेल्या म्हातारीकडून फोन घेतला हिने. मेथीची जुडी घ्यावी तसा."

दोघेतिघे हसले. शिल्पाने कडेवरच्या प्रशीलचं टोपडं उगाच सारखं केलं. ते सारखंच होतं.

मागच्या महिन्यात तिची आई धुळ्याच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर नरडाण्याचे एक म्हातारे, लकवा मारलेले. सगळं समजायचं त्यांना, पण वाचा गेली होती. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची बायको झुंबरबाई. शिल्पा आईला घेऊन तपासणीला जायची तेव्हा दहा महिन्यांचा प्रशील ह्याच बाईच्या मांडीवर असायचा. न सांगता तिने त्याला भरवलेलं असायचं, पुसलेलं असायचं, कधी पायांवर घेऊन झोपवलेलं असायचं. शिल्पा तिला अक्का म्हणू लागली ती तेव्हापासून.

फोन नानांचा. आता ते कुणाशी बोलणार, म्हणून अक्काने तो विकायला काढला. शिल्पाने घेतला. बाळंतविड्यात आलेले पैसे तिने कपाटातल्या साडीच्या घडीत ठेवले होते, ते दिले. राजदीपला विचारलं नाही. आईशी बोलायचं तर राजदीप चटईच्या कारखान्यातून घरी येईपर्यंत थांबायचं, मग त्याच्या फोनवरून, त्याच्या समोर बसून बोलायचं, आणि आईने "तुझं बरं आहे ना गं?" विचारलं की "हो हो, एकदम" म्हणायचं. एवढंच एक तिला नको झालं होतं.

पंधरवडा फोन छान चालला. मग प्रशीलने त्यावर बोटं फिरवून फिरवून तो बंद पाडला, राजदीपच्या मित्राने बाजूची बटणं दाबून आतलं सगळं पुसून टाकलं, आणि पुसलेल्या पाटीवर आता हे एकच उमटत होतं: आधीचा मालक कोण, सांगा.

"फोन लाव त्या तुझ्या अक्काला," राजदीपने आपला मोबाइल तिच्यापुढे धरला. "उचलते का बघू."

उचलला. लगेच उचलला. आणि शिल्पाला इतकं बरं वाटलं की तिने स्वतःच्या हाताने स्पीकर लावला. ऐका म्हणावं सगळ्यांनी. ऐका, चोर कशी बोलते ते.

"बोल वं पोरी! तुना पोऱ्या कसा शे?"

"छान आहे अक्का. नाना कसे आहेत?"

"शेत तसाच शेत. खाटवर. मना कडे देखी रायनात."

शिल्पाने अडचण सांगितली. अक्काला ती पहिल्या झटक्यात कळली. "पासवर्ड ना? माले मालूम शे. दुकानवालानी टाका तवय मी बाजूलेच व्हतू. त्यासनं नाव, अन पुढे एक-दोन-तीन."

भूषणने मान हलवली आणि बोटं तयार ठेवली. "नाव विचारा."

"नाव काय नानांचं, अक्का?"

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडली तेवढं ऐकू आलं.

"त्यासनं नाव मी कसं लेऊ वं?"

टोपीवाल्याने भुवया उडवल्या. शिल्पाला दवाखान्यातला प्रसंग आठवला. सिस्टरने पेशंटचं नाव विचारलं की अक्का केसपेपर पुढे सरकवायची आणि दुसरीकडे बघायची. सिस्टर कावायच्या. शिल्पाच्या घरी हे काही नव्हतं, तिच्या आईने बापाला भर चौकात नावाने हाका मारल्या होत्या. पण अक्काचं तसं नव्हतं, आणि ते शिल्पाला ठाऊक होतं. नंतर ती स्वतःला काहीही सांगो, ते तिला ठाऊक होतं.

"मना पोऱ्या वावरमा गयेल शे," अक्का म्हणाली. "सांजले येई. तो सांगी तुले."

"बघा," राजदीप हळू बोलायचं विसरून म्हणाला, "टाळायला लागली."

"संध्याकाळी नंबर बंद येणार," टोपीवाला म्हणाला. "लिहून घ्या."

संध्याकाळपर्यंत थांबायचं म्हणजे काय होतं मोठंसं? भाकरी टाकायच्या, प्रशीलला झोपवायचं, की झालीच संध्याकाळ. पण तेवढ्या वेळात घरी सासूला कळणार होतं, शेजारी कळणार होतं, राजदीप जेवताना एकदा आणि आचवताना एकदा बोलणार होता. शिल्पाला ते आत्ता, इथे, ह्या लोकांसमोर संपवायचं होतं.

"अक्का, सांगा ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी. इथे फार अडलंय हो."

"तू एकलीच शे ना?"

राजदीपचा हात फोनखाली होता. भूषणची बोटं अक्षरांवर होती. टोपीवाला वाकून, कान पुढे करून उभा होता.

"हो," शिल्पा म्हणाली. "एकटीच आहे."

"लगीनमा उखाणामा लिधं व्हतं तेवढंच," अक्काचा आवाज अगदी खाली आला. "आठे ते आयकी रायनात वं. बोलता येत नही, पन आयकतस." मग बांगड्या वाजल्या. तोंडावर पदर घेतला असावा, कारण पुढचं सगळं कापडाआडून आल्यासारखं आलं. साधं नाव तिला सांगताच येत नव्हतं. ज्या एका वाटेने ते तोंडातून बाहेर पडायची तिला मुभा होती, त्याच वाटेने ते आलं, थरथरत, लग्नातल्या मुलीच्या चालीत:

"कपायवर कुकू लाल लाल...
मना घरना धनी... बन्सीलाल."

आणि थोडं थांबून, कर्तव्य पुरं करावं तसं: "एक. दोन. तीन."

गाळा हशाने फुटला. टोपीवाल्याने काउंटरवर हात आपटला. काचवाला, चार्जरवाला, सगळे. "पासवर्डचा उखाणा!" कुणीतरी ओरडलं. राजदीप तर डोळे पुसत हसत होता, पंधरा दिवसांत प्रथमच असा मोकळा. भूषण हसतहसतच टाइप करत होता, आणि फोनने एकदा थरथरून हिरवी खूण दाखवली.

"उघडला! चोरीचा नाही काही, ताई. म्हातारी पक्की आहे."

शिल्पाने स्पीकर बंद केला तेव्हा बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन कानाशी धरून, प्रशीलला घट्ट आवळून ती गाळ्याबाहेर आली. बाहेर रिक्षांची रांग होती, उसाच्या रसाच्या गाडीचं घुंगरू वाजत होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. स्पीकर कुणी लावला? एकटीच आहे म्हणून कुणी सांगितलं?

"अक्का?"

"उघडना का फोन?"

"उघडला. फार उपकार झाले, अक्का."

"बरं व्हयनं." अक्का म्हणाली. "हसनं आयकू ऊनं. कोन हसनं वं?"

तिच्या त्या जुन्या बटणांच्या फोनमधून किती गेलं असेल? एक खरखर? की एकेकाचा आवाज?

"मानसं व्हतात का तठे?"

शिल्पाच्या तोंडात खरं आलं होतं. हो अक्का, होते, पाच-सहा जण होते, माझा नवराही होता, आणि मी तुम्हाला फसवलं. म्हटलं असतं तर तिचं ओझं उतरलं असतं. पण मग त्या बाईने काय करायचं होतं? खाटेशेजारी बसून, ज्यांचं नाव घेतलं त्यांच्या डोळ्यांत बघत, परक्या गावच्या पाच-सहा बाप्यांनी ते ऐकलं हे घेऊन दिवस काढायचे?

"नाही अक्का," ती म्हणाली. "कोणी नव्हतं. मीच हसले."

"तू?"

"हो. मला... एकदम हसू आलं."

प्रशीलने हात लांबवून फोन ओढायला पाहिलं. शिल्पाने त्याची मूठ धरून ठेवली.

"बाप्या हसतात त्यानं काही नही," अक्का म्हणाली. "तू बी बाईमानूस शे वं, पोरी."

त्यात राग नव्हता. राग असता तर शिल्पाने तो पदरात घेतला असता, उलट बरं वाटलं असतं. अक्का फक्त समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, ज्या पोरीचं बाळ आपण मांडीवर घेतलं ती अशी कशी, ते.

"चुकलं माझं, अक्का."

"ऱ्हाऊ दे. पोऱ्याले जप. ठेवस मी."

फोन बंद झाला. गाळ्यातून राजदीप बाहेर येत होता, उघडलेला फोन उंच धरून, जत्रेत काहीतरी जिंकल्यासारखा. "अगं, अजून बोलतेस? म्हातारीला माझा नमस्कार सांग! खरी निघाली!"

शिल्पाने मान डोलावली आणि बंद फोन तसाच कानाशी धरून ठेवला. मधूनमधून हं, हं म्हणत, ती रसाच्या गाडीपलीकडे चालत राहिली.